जागा कोणती, पाणी कोणते?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षे पोत्यांत भरून पडलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे नेण्यात आला आणि जूनच्या अखेरीस तो जाळून झाला. एका लांबलेल्या प्रकरणावर पडदा पडला, असे मानण्याची घाई आता सुरू झाली आहे. आम्हांस मात्र त्या कारखान्याच्या मागील वस्तीतील एका घराचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. थंडीच्या दिवसांत अंघोळीचे पाणी तापवावयाचे, तर तापक बसवावा कोठे आणि त्यात पाणी घालावे कोणते? अग्रलेखासाठी हा विषय क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. भोपाळचे सारे दुर्दैव या दोन प्रश्नांतच साठलेले आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम आपल्याच घराकडे पाहू. कोकणात एके काळी मागील दारच्या पडवीत तांब्याचा बंब पेटत असे, वा न्हाणीच्या चुलीवर भाणे चढत असे. धूर कौलांतून आणि माडांच्या झावळ्यांतून वाट काढी. डोळे चुरचुरत, पण प्राणावर बेतत नसे. आता तालुक्याच्या गावीही सदनिका उभ्या राहिल्या, न्हाणीघर हातभर झाले आणि त्यातच गॅसचा गीझर येऊन बसला. ज्वाळा जळू लागली की ती खोलीतला प्राणवायू खाते. तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि अंघोळीस गेलेले माणूस दाराची कडी उघडण्याचे त्राण येण्यापूर्वीच कोसळते. दर हिवाळ्यात अशा बातम्या छापण्याची पाळी वृत्तपत्रांवर येते. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत केवळ गरम पाण्याची नळी आणावी, एवढे साधे हे शास्त्र आहे. विजेच्या गीझरला भूमिजोड हवी, आणि त्याच्या टाकीवरील दाब सोडणारी झडप मोकळी हवी. ती झडप ठिबकते म्हणून तिच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकणारे महाभागही आमच्या परिचयाचे आहेत!

पाण्याचीही तीच कथा. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी टाकी आतून कुरतडते. देशावरील जड पाण्याचे क्षार तापणाऱ्या कांडीवर थर धरतात. मग वीज अधिक जळते आणि कांडी लवकर मरते. हे नुकसान खिशाचे. पाण्यात त्याहून वाईट काही असेल तर? ‘उकळून घेतले की झाले’ ही आपल्याकडील पिढीजात समजूत. रोगजंतूंपुरती ती खरीही आहे. परंतु जड धातू उकळण्याने जात नाहीत. उलट पाणी आटेल तसे त्यांचे प्रमाण वाढते. क्लोरोफॉर्मसारखी उडून जाणारी रसायने पाण्यातून निघतात खरी, पण निघून जातात कोठे? बंद न्हाणीघराच्या वाफेत, आणि तेथून अंघोळ करणाऱ्याच्या छातीत. जे पाणी पिण्यास वर्ज्य आहे ते तापवून अंगावर घेण्यास निर्धोक असेलच असे नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

भोपाळच्या त्या वस्त्यांत नेमका हाच प्रसंग आहे. कारखान्याने आपले सांडपाणी सुकविण्यासाठी आवाराच्या उत्तरेस तळी खोदली होती. ती गळत असल्याचा उल्लेख १९८२ मधील कंपनीच्याच पत्रव्यवहारात आढळतो. १९९९ साली ग्रीनपीस या संस्थेने परिसरातील भूजलाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड सापडले. हातपंपांना लाल रंग फासून ‘पाणी पिण्यास अयोग्य’ असे बजावण्यात आले. या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला. पुढे नळ आले. पण नळाला पाणी अपुरे असेल त्या दिवशी धुण्याला आणि अंघोळीला माणूस बोअरकडेच वळणार, हे सांगावयास तज्ज्ञ नकोत. ज्या शहराचा मोठा तलाव परंपरेने राजा भोजाच्या नावाशी, म्हणजे अकराव्या शतकाशी जोडला जातो, त्या शहराच्या एका कोपऱ्यात बादलीभर पाण्याविषयी असा संशय बाळगून जगावे लागते.

आणि १९८४ च्या २ डिसेंबरची ती रात्र? तीही अखेर पाण्याचीच गोष्ट आहे. मिथिल आयसोसायनेट हे द्रव ३९ अंश सेल्सिअसला उकळू लागते. पाण्याशी त्याची गाठ पडली की प्रचंड उष्णता बाहेर पडते. ६१० क्रमांकाच्या टाकीत असे सुमारे ४२ टन द्रव होते, आणि त्यात पाणी शिरले. नळ्या धुताना शिरले की कोणी मुद्दाम सोडले, याविषयी कामगार आणि कंपनी यांचा वाद कधीच मिटला नाही. परंतु बाकीच्या गोष्टींबद्दल वाद नाही. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा काही महिने आधीच बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. पाण्याचे फवारे वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोचत नव्हते. घरच्या गीझरच्या झडपेत खुंटी ठोकणाऱ्यास आपण अडाणी म्हणतो. येथे तर काटकसर करणारे पदवीधर होते. सरकारी हिशेबात भरपाईसाठी ग्राह्य धरलेले मृत्यू ५,२९५ इतके आहेत, आणि हा हिशेब तोकडा असल्याचे पीडितांच्या संघटना आजवर सांगत आल्या आहेत.

जागेचा प्रश्न तर त्याही आधीचा. रेल्वे स्थानकापासून फार दूर नसलेल्या, वस्तीला लागून असलेल्या जागेवर १९६९ साली कारखाना उभा राहिला. शहराच्या १९७५ च्या विकास आराखड्याने घातक उद्योग गावाबाहेर हलवावेत असे सुचविले होते. हा कारखाना तेथेच राहिला आणि पुढे त्याच आवारात मिथिल आयसोसायनेटही तयार होऊ लागले. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून धोक्याचे इशारे छापले. विधानसभेत प्रश्न निघाला, तेव्हा पंचवीस कोटींचा हा कारखाना म्हणजे काही उचलून इकडून तिकडे ठेवावा असा दगड नव्हे, अशा आशयाचे उत्तर मंत्रिमहोदयांनी दिले. दुसरीकडे १९८४ च्या पूर्वार्धात कारखान्यालगतच्या झोपड्यांना पट्टे देऊन शासनाने त्या वस्तीवर शिक्कामोर्तब केले. गरिबांना हक्काची जागा मिळाली याचे दुःख आम्हांस नाही. कारखाना हलेना आणि वस्तीही हलेना, तेव्हा दोहोंतील अंतर कोणी राखावयाचे, हे मात्र कोणीच विचारले नाही.

म्हणूनच पिथमपूरच्या लोकांनी जानेवारीत कचऱ्याविरुद्ध रस्त्यावर येऊन आरडाओरडा केला, त्यास केवळ अज्ञान म्हणून आम्ही झटकू इच्छित नाही. जाळल्यानंतर उरलेली राख पुरावयाची कोठे आणि तिच्याखालचे भूजल कोणाच्या विहिरीत जाते, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. शिवाय ३३७ टन म्हणजे पोत्यांत भरलेला तेवढा कचरा. कारखान्याच्या मातीत जे मुरले आहे, ते भोपाळमध्येच आहे.

हे सारे आठशे-नऊशे किलोमीटर दूरचे, अशी कोकणची समजूत असेल तर ती सोडावी. जांभ्याचा कातळ चाळणीसारखा आहे. वर ओतलेले खाली उतरावयास त्याला वेळ लागत नाही. लोटे परशुराम, महाड, तारापूर येथे रसायनांचे कारखाने आहेत, आणि दाभोळ खाडीतील मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. या वसाहतींच्या आसपासच्या विहिरींचे नमुने दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, असे दोनदा तपासले जावेत. केवळ जंतूंसाठी नव्हे, तर धातू व रसायनांसाठीही. निष्कर्ष मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. नव्या कारखान्याची जनसुनावणी होईल तेव्हा कोणत्या टाकीत काय, किती साठविणार आणि सर्वांत जवळचे घर किती अंतरावर, ही दोन उत्तरे लेखी मागून घ्यावीत. तोपर्यंत न्हाणीघराला वरच्या अंगास जो झरोका आहे, तो थंडी वाजते म्हणून पुठ्ठ्याने बुजविला असेल, तर वाचकांनी आजच मोकळा करावा.