म्यूट केलं असशील, असं वाटलं

माझा भाचा बारावीला आहे. गेल्या रमजानात तरावीह आटोपली की तो सहरीपर्यंत जागा असायचा. जागा म्हणजे टीव्हीसमोर, कानाला हेडफोन, हातात कंट्रोलर. नागपूरहून आणलेला सेकंडहँड पीएस४ आहे त्याच्याकडे. ब्रह्मपुरीत कन्सोल असलेली घरे मोजकीच, बाकीची पोरे मोबाइलवर तसलेच गोळीबाराचे गेम खेळतात. बहीण म्हणाली, "भाईजान, इसको कुछ बोलो." मी बोलायला गेलो ते डोळे, झोप आणि बारावीचे वर्ष यांवर. परत आलो तो वेगळीच गोष्ट डोक्यात घेऊन.

पडद्यावर त्याचे नाव बदललेले दिसले. आधी त्याचा आयडी म्हणजे त्याचे स्वतःचेच नाव होते, जे माझ्या वडिलांचे नाव आहे. अब्बा गेल्यावर वर्षभरात हा जन्मला म्हणून ते त्याला मिळाले. आता तिथे इंग्रजीत टायगर असे काहीतरी होते, पुढे तीन आकडे. मी विचारले, नाव का बदललेस? "ऐसेच, मामू." तिसऱ्या दिवशी, सहरीच्या वेळी, चहाचा कप हातात असताना त्याने सांगितले.

चौघांचा संघ होता. त्यात हा, याचे दोन वर्गमित्र आणि चौथा मशीनने जोडून दिलेला कोणी अनोळखी. सामना सुरू व्हायच्या आधी सगळे एका लॉबीत थांबतात, माइक उघडे असतात. समोरच्या संघातल्या कोणीतरी याचे नाव मोठ्याने वाचले. मग पाकिस्तान झाले, मग ती ठरलेली विशेषणे झाली. ती इथे लिहीत नाही. मराठी मुसलमान वाचकाला ती पाठ आहेत आणि इतरांनीही ती कधीतरी ऐकलीच असतील. बहुतेक आवाज हिंदीत होते. एक मराठीत होता, चांगल्या स्वच्छ मराठीत. भाच्याने दोघांना म्यूट केले, सामना खेळला, जिंकलाही. शिव्या देणाऱ्यांचे त्याला फारसे वाटले नाही. तो म्हणाला, असे होतच असते. त्याला लागले ते वेगळेच. त्याचे दोघे मित्र त्या लॉबीत होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

दोघेही आमच्याच गल्लीतले. ईदला शीरखुर्मा आमच्याकडे पितात, तान्ह्या पोळ्याला आमचा पोरगा लहानपणी त्यांच्याबरोबर लाकडी नंदी घेऊन फिरायचा. (अशी वाक्ये लिहून लिहून मला कंटाळा आला आहे, पण इथे त्याशिवाय गोष्ट कळणार नाही.) दुसऱ्या दिवशी शिकवणीला जाताना याने त्यांना विचारले. एक म्हणाला, "मला वाटलं तू म्यूट केलं असशील." दुसरा म्हणाला, "मी आधीच म्यूट केलं होतं, मला ऐकूच आलं नाही."

मला ही दोन्ही उत्तरे खरी वाटतात. पोरे वाईट नाहीत. पण त्या दोन उत्तरांवर मी बरेच दिवस विचार करतो आहे, कारण या खेळांची सगळी बांधणी त्यात दिसते.

आमच्या लहानपणी टीव्ही गेम होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९ गेम असे छापलेले आणि आत खरे दहा-बारा. 'कॉन्ट्रा' हा आमचा जीव. बंदूकही तिथेच पहिल्यांदा हातात आली, 'डक हंट'ची प्लास्टिकची. भांडणे तेव्हाही व्हायची. तू माझा जीव घेतलास, रिमोट सोड, तुझ्यामुळे मेलो. शिव्याही व्हायच्या. पण टीव्ही एकच असायचा आणि खोलीही एकच. एकाने शिवी दिली तर ती सगळ्यांनी ऐकलेली असायची आणि प्रत्येकाला माहीत असायचे की बाकीच्यांनीही ऐकली आहे. स्वयंपाकघरातून कोणाच्या तरी अम्मीचा आवाज यायचा. झाडीपट्टीच्या नाटकातही प्रेक्षकांतून काहीबाही ओरडणारे असतात, पण शेजारच्या सतरंजीवर त्यांचाच काका बसलेला असतो.

कन्सोलवर बंदुकीचा खेळ चार जणांनी एका टीव्हीवर खेळायची मजा जगाला लावली ती 'गोल्डनआय'ने, १९९७ मध्ये. पडद्याचे चार तुकडे आणि एक सोफा. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केले, त्याच्या पहिल्या डब्यातच हेडसेट दिला होता. २००४ मध्ये 'हेलो २' आला आणि त्याने एक पद्धत पक्की केली. तुम्ही फक्त बटण दाबायचे, तुमच्या ताकदीचे अनोळखी खेळाडू मशीन शोधून देणार. सामना संपला की खोली मोडते, पुढच्या वेळी दुसरी माणसे. पुढे ही पद्धत सगळ्यांनी उचलली. २०१५ च्या 'हेलो ५' मधून तर एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयच काढून टाकली.

सोय चांगली आहे, ते मी नाकारत नाही. आमच्या गावातल्या पोराला रात्री दोन वाजता त्याच्या तोडीचा खेळाडू गल्लीत कुठून मिळणार? पण जी खोली दहा-पंधरा मिनिटांत मोडते, तिथे कोणाची कोणाशी ओळख राहत नाही, म्हणून लाजही राहत नाही. अशा खोलीत भांडण आवरायला खेळ बनवणाऱ्यांनी एक हत्यार दिले, म्यूटचे बटण.

या बटणाचे सगळे कौतुक करतात. मीही भाच्याला आधी तेच सांगणार होतो, म्यूट कर आणि खेळ. पण ते काय करते ते पाहा. शिवी देणारा बोलतच राहतो. ज्याला शिवी दिली त्याला ती ऐकू येत नाही. मित्रांपैकी एकाला येते, एकाला नाही आणि कोणाला काय ऐकू आले हे कोणालाच ठाऊक नसते. एकाच खोलीत बारा माणसे आणि प्रत्येकाची खोली निराळी. त्यामुळे गप्प बसणाऱ्याला नेहमीच एक सभ्य कारण हाताशी राहते. शिवी तशीच राहते, तिचा साक्षीदार मात्र नाहीसा होतो.

आता थोडे आपल्याविषयी, कारण दोष फक्त यंत्रावर टाकणे सोपे आहे.

या खेळांवर मुसलमानांनी आक्षेप घेतले आहेत, आणि ते ऐकलेही गेले आहेत. 'कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये फावेला नावाचा एक नकाशा आहे, ब्राझीलच्या झोपडपट्टीचा. तिथल्या एका न्हाणीघरात भिंतीवरच्या चौकटीत हदीसचे शब्द होते. २०१२ मध्ये ते ध्यानात आणून दिल्यावर ॲक्टिव्हिजनने तो नकाशा ऑनलाइन खेळातून काढून दुरुस्तीला घेतला. २०२१ च्या नोव्हेंबरात 'व्हॅनगार्ड'मध्ये कुरआनची पाने रक्ताच्या शिंतोड्यांसह जमिनीवर पडलेली दिसली. तेव्हाही कंपनीने माफी मागितली आणि ती पाने काढली. २०२० मध्ये पबजी मोबाइलमध्ये खेळाडू मूर्तीपुढे वाकतो अशी हालचाल आली, तीही आक्षेपानंतर गेली.

हे आक्षेप चूक होते असे मी म्हणत नाही. कुरआनचे पान पायाखाली पाहून मलाही वाईट वाटते. पण त्या वेळी आमच्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते छायाचित्र दिवसभर फिरत होते आणि मोठी माणसे संतापली होती. त्याच घरांतली पोरे रात्री त्याच तऱ्हेच्या खेळांत स्वतःचे नाव ऐकून घेत होती आणि घरात कोणाला सांगत नव्हती. कागद पडद्यावर दिसतो, त्याचा फोटो काढता येतो. पोराच्या हेडफोनमध्ये काय चालले आहे ते शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही. आणि सांगितले असते तर आपण काय म्हणालो असतो? "खेळायचेच कशाला?" घरातले उत्तर हेच येणार हे ठाऊक असल्यामुळेच पोरे सांगत नाहीत.

सरकारलाही या खेळांचे वावडे नाही असे नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजीसह ११८ ॲप बंद झाले. कारणे होती देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था. पुढच्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय नावाने आला, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला, २०२३ मध्ये पुन्हा उघडला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे, ई-स्पोर्ट्सला तो मान्यता देतो. माइकवरून कोण कोणाला काय म्हणते, हा या सगळ्या गडबडीत मुख्य प्रश्न कधी झाला नाही.

कंपन्यांना ऐकता येत नाही असेही नाही. २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजनने आवाज तपासणारे एआय आणले, टॉक्समॉड नावाचे. खेळाडू बोलत असतानाच ते द्वेषाची भाषा ओळखते आणि नोंद करते, कारवाई मग माणसे ठरवतात. आधी उत्तर अमेरिकेत चाचणी झाली, नोव्हेंबरात जगभर लागू करायचे ठरले. त्या घोषणेत एक कंस होता, आशिया वगळून. आणि सुरुवात इंग्रजीने. म्हणजे टेक्सासच्या पोराला इंग्रजीत शिवी पडली तर ऐकायला यंत्र आधी पोचले, आणि आपल्याकडच्या शिव्यांसाठी आपले बोट आणि म्यूटचे बटण.

इथवर लिहून थांबलो असतो तर बरे वाटले असते. पण त्याच महिन्यात मी भाच्याच्या मागे खुर्ची टाकून दोन-तीन रात्री बसलो. त्याच्या संघात एक मुलगा आला, त्याच्या बोलण्यावरून ईशान्येकडचा वाटला. याने आणि याच्या मित्रांनी त्याला ज्या नावाने हाक मारली, ते नाव मी या घरात ऐकेन असे वाटले नव्हते. एकदा एका मुलीचा आवाज आला. चौघेही एकदम हसले, एकाने तिला पोळ्या लाटायला जा म्हटले. ती पुढे सबंध सामनाभर बोलली नाही. बहुधा तिनेही म्यूट केले असणार. मी हेडफोन ओढून काढला. तो चिडून म्हणाला, "मामू, सब बोलते." मी विचारले, तुला जेव्हा बोलले तेव्हाही सगळेच बोलत होते ना? त्याने उत्तर दिले नाही. कंट्रोलर ठेवून पाणी प्यायला गेला.

म्हणून मी आता पोरांना म्यूट कर असे सांगत नाही. म्हणजे, करायचे तर कर, कान तुझे आहेत. पण ज्याला शिवी पडली नाही त्याने ते बटण आधी दाबायचे नाही. त्याने ऐकायचे, माइकवर एवढेच म्हणायचे की हा माझा दोस्त आहे, आणि रिपोर्ट त्याने करायचा. ज्याला लागले त्यानेच तक्रार लिहायची, त्यानेच नाव बदलायचे, त्यानेच मन मोठे करायचे, हा हिशेब मला मान्य नाही. त्या दोन मित्रांना मी घरी बोलावून हेच सांगितले. एकाने मान खाली घातली. दुसरा म्हणाला, "काका, बोललो तर आमच्यावर येतात ते." खरे आहे. येतात. मी म्हटले, मग चौघांवर विभागून येतील. हे कितपत पटले ठाऊक नाही. शीरखुर्मा मात्र दोन-दोन वाट्या संपवून गेले.

नावाचे अजून तसेच आहे. टायगर हे नाव तरी काय निवडले पोराने. ब्रह्मपुरीच्या जंगलाकडेच्या गावांत दिवस मावळला की वाघाच्या धाकाने माणसे शेतावर जात नाहीत, आणि इथली निम्मी पोरे पडद्यावर वाघ होऊन फिरतात. प्लेस्टेशनवर आयडीचा पहिला बदल फुकट होतो, पुढच्याला पैसे पडतात, पण जुन्या नावावर परत जायला काही लागत नाही. हे मी शोधून काढून त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले. काल रात्री पाहिले, अजून वाघच आहे.