कुलपती महोदय, शेजाऱ्याशी खेळू द्या

प्रति,
मा. राज्यपाल तथा कुलपती, महाराष्ट्र राज्य,
मलबार हिल, मुंबई

विषय : परभणीतल्या पोरांना परभणीतल्याच पोरांशी खेळू देण्याबाबत.

महोदय,



परभणीत सकाळी फिरायला जायचे म्हणजे पुष्कळांचे पाय आपोआप कृषी विद्यापीठाकडे वळतात. माझेही वळतात. मागच्या हिवाळ्यात तिथे एका कोपऱ्यात व्हॉलीबॉल रंगला होता. खेळणारी मुले शेतकीची. कठड्यावर बसून पाहणारी दोघे-तिघे पशुवैद्यकची. एकाने दवाखान्यातल्या ड्यूटीचा पांढरा कोट खांद्यावर टाकलेला. मी सहज विचारले, "काय रे, ह्यांच्याशी तुमची मॅच कधी असते?" पोरगा हसला. म्हणाला, "आमची कुठं असते काका. ते परभणीचे, आम्ही नागपूरचे."

त्याचे होस्टेल तिथून हाकेच्या अंतरावर होते. पण तो खोटे बोलत नव्हता. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२चे. त्याच वर्षी १८ मे रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ, म्हणजे आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, स्थापन झाले आणि हे महाविद्यालय त्या घरातलेच होते. २००० साली नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ निघाले आणि हे महाविद्यालय तिकडे जोडले गेले. इमारत जागची हलली नाही, गोठे हलले नाहीत. पोरांच्या जर्सीवरचे गाव तेवढे बदलले.

आता आमच्या गावाचा एकूण हिशेब सांगतो. शिवाजी, ज्ञानोपासक आणि कला-वाणिज्य-विज्ञानाची बाकीची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. शेतकीची मुले इथल्याच कृषी विद्यापीठाची. पशुवैद्यक नागपूरचे. अभियांत्रिकी रायगड जिल्ह्यातल्या लोणेऱ्याचे. २०१४च्या कायद्याने तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभर संलग्नता देता येऊ लागली. डॉक्टरकीची मुले १९९८ साली नाशिकला स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एक गाव, पाच विद्यापीठे. निवड चाचण्या पाच ठिकाणी, ट्रॅकसूट पाच रंगांचे.

खेळाचा नियम असा की आंतरमहाविद्यालयीन सामने एकाच विद्यापीठाच्या महाविद्यालयांत होतात. त्यातून विद्यापीठाचा एक संघ निवडला जातो आणि तो भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला जातो. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठे तिथे भेटतात. म्हणजे एकाच रस्त्यावर राहणाऱ्या दोन परभणीकर पोरांना समोरासमोर उभे राहायचे असेल, तर दोघांनी आधी आपापल्या विद्यापीठाच्या संघात यावे, मग रेल्वेत रात्र काढून परराज्यात जावे, आणि तिथे चिठ्ठ्यांमध्ये नशिबाने एकमेकांचे नाव निघावे. नाहीतर आपल्याच कार्यालयाच्या पुढाकाराने होणाऱ्या 'अश्वमेध' क्रीडा महोत्सवाची वाट पाहावी. रिक्षाने दहा मिनिटांत होणारी भेट, तिला अश्वमेध करावा लागतो.

पत्र आपल्यालाच का, तर या पाचांचे कुलगुरू वेगळे, कायदे वेगळे, मंत्रालयातली खातीही वेगळी. उच्च शिक्षणवाले कृषीकडे बोट दाखवतील, कृषीवाले पशुसंवर्धनाकडे. पण पाचही विद्यापीठांचे कुलपती एकच आहेत, आणि ते आपण आहात.

या दुखण्याची मला जुनी ओळख आहे. १९९३ साली, किल्लारीच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात, मी गंगाखेडकडून कबड्डी खेळत होतो. चढाई माझी. आमचे पिढीजात वैर परळीशी. परळी बीड जिल्ह्यात, गंगाखेड परभणीत, पण मध्ये रेल्वेचे थोडेसेच अंतर. त्यांची पोरे पॅसेंजरने यायची आणि स्टेशनपासूनच ओरडत यायची. त्यांच्या उजव्या कोपऱ्याला एक बुटका, रुंद खांद्यांचा गडी होता. मध्यरेषेकडे परतताना त्याने माझा घोटा असा धरला की फक्कीची रेघ दोन बोटांवर राहिली आणि मी मातीत तोंडावर पडलो. त्याच सामन्यात दुसऱ्यांदाही तसेच झाले. सामना संपल्यावर त्याने हात देऊन मला उठवले. मी म्हणालो, "आवंदा धरलंस, फुडल्या वर्षी बघतो." तो म्हणाला, "ये की परळीला."

ते पुढचे वर्ष आलेच नाही. तोवर गंगाखेड आणि परळी एकाच मराठवाडा विद्यापीठात होते. १४ जानेवारी १९९४ला त्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला. १९७८च्या ठरावापासून सोळा वर्षे चाललेल्या लढ्याचा तो शेवट होता, आणि त्यासाठी लोकांनी काय सोसले हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडचे नवे विद्यापीठ झाले. नांदेड, लातूर आणि परभणी तिकडे गेले. बीड, जालना, उस्मानाबाद औरंगाबादकडे राहिले. हा राजकारणाचा तोल होता की कारभाराची सोय, यावर आमच्याकडे अजून पारावर वाद होतात. मला एवढेच कळले की निवड चाचणीचा कागद आता नांदेडहून आला आणि त्यात परळीचे नाव नव्हते. दोन जिल्ह्यांची हद्द होतीच. ती आता दोन विद्यापीठांची झाली. पाथरी आणि माजलगावचे तसेच झाले, सेलू आणि परतूरचेही. वैर मिटले असते तर दुःख नव्हते. ते अर्धवट राहिले.

खरे सांगायचे तर त्या वाटणीचा फायदा मलाच झाला. आधी सात जिल्ह्यांतून बारा जणांचा एक संघ निघायचा. नंतर मराठवाड्याचे दोन संघ झाले, बाराच्या जागी चोवीस पोरांना दार उघडले. जुन्या विद्यापीठाच्या बारांत मी कधीच बसलो नसतो. नांदेडकडून मी कलर होल्डर झालो. तेव्हा मोडा ती विद्यापीठे आणि करा पुन्हा एक, असे म्हणायला मी बसलेलो नाही. मोठ्या घराच्या वाटण्या होतातच, आणि धाकट्याचे त्यात भलेही होते. पण वाटणी झाली तरी बांधावरचे आंब्याचे झाड दोघांचे राहते. आमच्याकडे तेवढे कोणी लिहून ठेवले नाही.

हे फक्त आमच्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ म्हणजे टीव्हीच्या कराराचा प्रचंड पैसा. तिथली विद्यापीठे मंडळे करून आपसात खेळतात, आणि पैसा जिकडे जास्त तिकडे मंडळ बदलतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरची चार विद्यापीठे 'बिग टेन' नावाच्या मंडळात गेली. नावात दहा, सभासद अठरा! आता कॅलिफोर्नियाची पोरे साखळी सामन्यांसाठी अख्खा देश ओलांडून न्यू जर्सीला जातात. ज्या मंडळातून ती बाहेर पडली, त्या 'पॅक ट्वेल्व्ह'मध्ये दोनच विद्यापीठे उरली. ओक्लाहोमा राज्यातल्या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना १९१०पासून एकही वर्ष चुकला नव्हता. दोन महायुद्धांतही नाही. एकाने मंडळ बदलले आणि नोव्हेंबर २०२३मध्ये तो शेवटचा झाला. टेक्सासमध्ये असेच तुटलेले एक जुने वैर मात्र तेरा वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा मैदानावर आले, कारण दोन्ही विद्यापीठे फिरून एका मंडळात आली.

आमच्याकडे टीव्ही नाही, करार नाही. आमच्याकडे आहे ती अधिसभा, व्यवस्थापन परिषद, संलग्नता आणि संस्थाचालक. आणि संस्थाचालक व आमदार ही पुष्कळदा एकाच माणसाची दोन नावे असतात. महाविद्यालय या विद्यापीठातून त्या विद्यापीठात जाते तेव्हा अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आणि शुल्क यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण 'आमच्या पोरांनी आता खेळायचे कोणाशी' हा प्रश्न एखाद्या बैठकीत निघाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. अमेरिकेत शेजाऱ्याचा सामना पैशाने गेला. आमचा कोणी पळवला नाही. फाईल हलवताना तो खाली पडला आणि उचलायचे कोणाच्या लक्षात आले नाही.

आता लातूरकर स्वतंत्र विद्यापीठ मागत आहेत. तिथे नांदेडचे उपकेंद्र आहेच, आणि मागणीही आजची नाही. उद्या ती मान्य झाली तर नांदेडच्या संघात परभणीला चार जागा वाढतील आणि लातूरशी रंगणारे आमचे सामने जातील. समूह विद्यापीठांचीही चर्चा आहे. म्हणजे रेघा अजून बदलणार. म्हणून आताच लिहितो आहे.

मागणी तीनच गोष्टींची आहे.

पहिली : वर्षातून एकदा परभणी जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांची, विद्यापीठ कोणतेही असो, एक स्पर्धा व्हावी. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल एवढे तीन खेळ पुरेत, मुलांचे आणि मुलींचे. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे नियम याच्या आड येत नाहीत, कारण ही कोणाची निवड चाचणी नाही. पाच क्रीडा संचालकांनी एका टेबलाशी बसून एक पत्रक काढायचे, बस्स. ते टेबल मांडायला मात्र आपला निरोप लागेल. तारीख सुचवतो : १७ सप्टेंबरचा आठवडा. मुक्तिसंग्राम दिन पाचही विद्यापीठांच्या पोरांचा सारखाच आहे. त्या दिवसांत पाऊस असतो, हे माहीत आहे. पण पाऊस आला म्हणून तक्रार करील असा परभणीकर मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी : हद्दीवरच्या गावांना, गंगाखेड-परळी, पाथरी-माजलगाव, सेलू-परतूर यांना, वर्षात एक सामना इकडे आणि एक तिकडे खेळायची कायमची परवानगी मिळावी. दोन्ही विद्यापीठांच्या वार्षिक अहवालात त्याची एक ओळ यावी. ज्याची नोंद होत नाही त्याला प्रवासखर्च मिळत नाही, आणि प्रवासखर्च नसला की सामना पुढच्या वर्षावर जातो. पुढचे वर्ष म्हणजे काय, हे मी वर लिहिले आहेच.

तिसरी : इथून पुढे एखाद्या महाविद्यालयाचे विद्यापीठ बदलले किंवा एखाद्या जिल्ह्याची हद्द हलली, तर त्या आदेशासोबत खेळाचे एक पान असावे. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूने कोणाकडून खेळायचे, आधीची प्रमाणपत्रे कोणी साक्षांकित करायची, कोणते सामने बंद पडतील आणि ते चालू कसे ठेवायचे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोराच्या हातातल्या त्या कागदाला किती किंमत आहे, हे शेतकऱ्याच्या घरात जाऊन विचारावे.

कोणी म्हणेल, वाढीव गुण नाहीत, पदक मोजत नाही, मग अशा स्पर्धेला पोरे येतील कशाला? मला त्या कठड्यावरचा पोरगा आठवतो. मी निघालो तेव्हा एक चेंडू लांब उडून त्याच्याकडे आला. त्याने कोट शेजाऱ्याच्या मांडीवर टाकला, चेंडू उचलला आणि हाताने फेकून न देता सर्व्हिस करावी तसा तळहाताने मारला. तो थेट जाळ्यापलीकडे शेवटच्या रेघेजवळ पडला. शेतकीची पोरे थांबली, वळून बघायला लागली. एकाने ओरडून विचारले, "खेळतो का?" याने मनगटावरचे घड्याळ पाहिले, मान हलवली आणि कोट उचलून दवाखान्याकडे गेला. त्या सर्व्हिसला कोणतेही गुण मिळणार नव्हते.

महोदय, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही स्वतःविषयी म्हणतो आणि स्वतःच हसतो. पण जगाशी खेळायच्या आधी माणूस शेजाऱ्याशी खेळायला शिकतो. तेवढी सोय करून द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
परभणीतला एक जुना चढाईपटू

ता.क. : त्या उजव्या कोपऱ्याची आणि माझी गेल्या महाशिवरात्रीला परळीत, वैद्यनाथाच्या रांगेत भेट झाली. दोघांचेही गुडघे गेलेले आहेत. गंगाखेडला सामना ठरला तर पंच म्हणून यायला तो तयार आहे. परळीच्या संघाच्या भाकरी-पिठल्याचे माझ्याकडे लागले. मैदानावर फक्कीही मीच मारीन.