साहेब थांबलेत, म्हणून सगळे थांबलेत

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२, तर दुकाने व आस्थापनांतील ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. कामगार संघटनांनी टीका केली, उद्योगक्षेत्राने स्वागत केले आणि चर्चा नेहमीप्रमाणे कायद्याभोवतीच फिरत राहिली. वास्तविक शहरी कार्यालयांतील मोठ्या वर्गापर्यंत कायद्याचा हात पोहोचतच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या केंद्राच्या श्रम संहितांतही व्यवस्थापकीय पदावरील आणि दरमहा १८ हजारांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक 'कामगार' या व्याख्येबाहेरच आहेत. त्यांचे तास ठरतात ते वरिष्ठांच्या समजुतींवर.

या समजुतींचे दर्शन अलीकडे दोनदा घडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची ९० तासांची आणि रविवारीही काम करून घेण्याची इच्छा चव्हाट्यावर आली. दोघांचेही कर्तृत्व वादातीत आहे, आणि देशाची उत्पादकता वाढायला हवी हा मूर्तींचा मूळ मुद्दाही खोटा नाही. अडचण आहे ती 'आम्ही असेच वर आलो' या गृहीतकात. संस्थापक रात्री जागतो तेव्हा तो स्वतःच्या मालकीचे काही उभे करीत असतो. पगारदार त्याच खुर्चीत तितकाच वेळ बसला, तरी त्याच्या वाट्याला ती मालकी येत नाही, हा फरक या मांडणीत सोयीस्करपणे गळून पडतो.

आता थोडे हिशेबाचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत किती तासांत किती माल निघतो याच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते. पुढे वाढीचा वेग मंदावला आणि ७० तासांतील उत्पादन ५६ तासांतील उत्पादनाच्या जवळपासच राहिले. वरचे १४ तास जवळजवळ वाया! आणि हे हाताने करायच्या कामात. जेथे थकल्या डोक्याने केलेली एक चूक निस्तरायला दुसरा दिवस खर्ची पडतो, तेथील हिशेब याहून बरा असेल असे मानण्यास आधार नाही.

प्रश्न उत्पादनापुरता असता तरी एक वेळ चालले असते. आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये नोंदविले. २०२४ मध्ये पुण्यात एका तरुण सनदी लेखापाल मुलीचा नोकरीच्या पहिल्याच वर्षात मृत्यू झाला. कामाच्या ताणाने तिचा बळी घेतला, असा आरोप तिच्या आईने पत्राद्वारे केला. देशभर हळहळ झाली, आणि काही महिन्यांतच ९० तासांचे बोल ऐकू आले.

तरीही तासांचा मोह सुटत नाही, कारण त्यामागे अविश्वास असतो. डोळ्यांसमोर नाही तो काम करीत नाही, ही त्यातली सर्वांत चिवट समजूत. मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या सर्वेक्षणात ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी आपण नीट काम करतो असे सांगितले. तर काही दिवस घरून काम करण्याच्या पद्धतीत त्याची खात्री बाळगणे कठीण झाल्याचे ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले. दुसरी समजूत, 'माझ्यावाचून अडेल'. तिच्यापायी निर्णय साहेबाच्या टेबलावर साचतात, हाताखालचे सही होईपर्यंत ताटकळतात, आणि दिवेलागणीनंतरची ती वर्दळ मेहनत म्हणून मोजली जाते. साहेब उठल्याशिवाय उठायचे नाही, हा नियम कोणत्याही परिपत्रकात नसतो. तो साहेबाच्या खुर्चीतूनच निघतो आणि मोडायचा झाला तर तिथूनच मोडावा लागतो.

तो मोडता येतो. २०२२ मध्ये ब्रिटनमधील ६१ कंपन्यांनी पगार न कापता कामाचे तास घटविण्याचा सहा महिन्यांचा प्रयोग केला. पहिली कात्री अनेक ठिकाणी बैठकांना लागली. प्रयोग संपल्यावरही ५६ कंपन्यांनी तो चालू ठेवला. स्वेच्छेने उतरलेल्या कंपन्यांचा हा अनुभव जसाच्या तसा इथे लागू पडेल असे नाही. अमेरिकेच्या घड्याळावर चालणाऱ्या हिंजवडीतल्या कंपनीचे बंधन वेगळे, पाच माणसांत चालणाऱ्या भोसरीच्या लघुउद्योगाचे वेगळे. परंतु रात्री अकराला सुचलेली सूचना सकाळी नऊला पाठविणे किंवा ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय हाताखालच्यावर सोडणे, यासाठी परदेशी ग्राहकाची परवानगी लागत नाही.

मुंबईला हा वाद नवा नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, या त्यांच्या मागण्यांपैकी दोन होत्या. गिरणी मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. तेवढ्यासाठी सहा वर्षे लागली.