विश्लेषण : कार्बन फ्रेम स्वस्त, पण मालवणच्या खाऱ्या हवेत ती महाग पडेल का?

चीनमधल्या कारखान्याकडून थेट कार्बन फ्रेम मागवायची, बाकीचे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवायचे आणि आपली माउंटन बाइक आपणच जुळवायची. हौशी सायकलस्वारांना हा मार्ग खुणावतो, कारण नामांकित कंपनीच्या फ्रेमच्या तुलनेत ही फ्रेम अगदी कमी पैशांत मिळते. मात्र मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात सायकल चालवणाऱ्याला केवळ किंमत पाहून चालत नाही. खारा वारा, जांभ्याची सुटी खडी, किनाऱ्यावरची वाळू आणि वर्षाला तीन हजार मिमीहून अधिक पाऊस यांचाही हिशोब करावा लागतो. तो नेमका कसा करायचा?

फ्रेम इतकी स्वस्त कशी?

कार्बन फ्रेम म्हणजे कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे इपॉक्सी रेझिन. रेझिन लावलेल्या कापडाचे तुकडे ठरावीक दिशेने एकावर एक रचतात, धातूच्या साच्यात ठेवतात आणि आतून फुगा फुगवून उष्णता देतात. यात सर्वांत खर्चिक गोष्ट म्हणजे साचा आणि फ्रेमचे आरेखन. ‘ओपन मोल्ड’ पद्धतीत कारखाना स्वतःचा साचा बनवतो आणि त्यातून निघालेली फ्रेम कोणालाही विकतो. जाहिरात, खेळाडूंचे प्रायोजकत्व, दुकानदाराचा नफा आणि विक्रीनंतरची सेवा हे खर्च त्यातून गळतात. म्हणून मागे स्प्रिंग नसलेली, म्हणजे ‘हार्डटेल’ प्रकारची फ्रेम साधारण ३०० ते ५०० डॉलरच्या आसपास मिळू शकते.

स्वस्त म्हणजे वाईट, असे सरसकट म्हणता येत नाही. कापडाचे थर नीट रचले, आत सुरकुत्या किंवा हवेचे बुडबुडे राहिले नाहीत, तर फ्रेम चांगलीच होते. प्रश्न असतो तो दोन फ्रेममधल्या फरकाचा. जाहिरातीत ‘टी ७००’, ‘टी ८००’ असे आकडे ठळक छापलेले असतात. ते तंतूची प्रत सांगतात, कारागिरीची नाही. उत्तम तंतू वाईट रचला तर फ्रेम कमकुवतच निघते.

मोठ्या कंपनीचे नाव चिकटवून विकली जाणारी नक्कल हा वेगळाच प्रकार आहे. स्वतःच्या नावाने फ्रेम विकणाऱ्या कारखान्याला निदान नाव टिकवायचे असते. नक्कल विकणाऱ्याला तेवढीही गरज नसते. तिच्या वाटेला न गेलेलेच बरे.

चाळीस हजारांची फ्रेम घरपोच कितीला?

सीमाशुल्क केवळ फ्रेमच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि मग या सगळ्याच्या एकूण रकमेवर आयजीएसटी. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही ग्राहकांसाठी जमेची बाजू. सीमाशुल्काचा दर मात्र वस्तूचे वर्गीकरण कसे होते आणि ती कोणत्या मार्गाने येते, यावर ठरतो. म्हणून मागणी नोंदवण्याआधी कुरिअर कंपनीकडून तो लेखी विचारून घ्यावा.

उदाहरणादाखल, वाहतुकीसह किंमत ४०,००० रुपये आणि मूळ शुल्क २० टक्के धरू. शुल्क ८,००० रुपये, अधिभार ८०० रुपये, एकूण ४८,८००. त्यावर ५ टक्के आयजीएसटी २,४४० रुपये. म्हणजे फ्रेम पडली ५१,२४० रुपयांना. कुरिअरचे हाताळणी शुल्क वेगळे. ‘किंमत कमी दाखवून पाठवतो’ किंवा ‘भेटवस्तू असे लिहितो’ अशी तयारी काही विक्रेते दाखवतात. ती नाकारावी. चुकीची किंमत दाखवणे हा कायद्याने गुन्हा आहे, माल अडकू शकतो आणि दंडही भरावा लागतो.

आणखी एक अडचण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ४३ ॲपमध्ये अलीएक्स्प्रेसही होते. अशा बाजारपेठेत ग्राहक आणि विक्रेता यांच्यामध्ये निदान एक मध्यस्थ असतो. आता पैसे थेट कारखान्याला जातात. फ्रेम सदोष निघाली, तर मोठे खोके परत चीनला पाठवण्याचा खर्च बहुधा ग्राहकाच्याच माथी येतो. ‘दोन वर्षांची वॉरंटी’ या शब्दांना त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

पूर्ण सायकलचा खर्च किती?

फ्रेम ५१ हजार, सस्पेन्शन फोर्क ३० हजार, ब्रेकसह १२ गिअरचा मध्यम दर्जाचा संच ४० हजार, चाके २० हजार, टायर ७ हजार, हँडल-स्टेम-सीटपोस्ट-सीट ९ हजार, बेअरिंग, केबल आणि हत्यारे ८ हजार. हा ढोबळ अंदाज १ लाख ६५ हजारांवर जातो. म्हणजे जिच्या स्वस्ताईमुळे हा सगळा खटाटोप सुरू झाला, त्या फ्रेमचा वाटा एकूण खर्चाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. फ्रेमवर वाचवलेले पैसे चुकीचा भाग एकदा मागवला की संपतात.

म्हणून मापे आधी, पैसे नंतर. मागच्या चाकाची जागा १४८ मिमीची ‘बूस्ट’ आहे का, फोर्कची दांडी खाली रुंद होत जाणारी आहे का, सीटपोस्ट २७.२ मिमीचा की ३१.६ मिमीचा, हे कागदावर लिहून मगच चाके, फोर्क आणि सीटपोस्ट निवडावेत. शिमानोच्या १०-५१ दातांच्या १२ गिअर कॅसेटला ‘मायक्रो स्प्लाइन’ प्रकारचा फ्रीहब लागतो. जुन्या चाकावर ती बसत नाही. गिअर यंत्रणा जिथे लटकते तो हँगर पडल्यावर वाकतो, म्हणजे तो सुटा भाग आहे. फ्रेमला ‘यूडीएच’ हा सर्वसामान्य हँगर चालत असेल तर तो पुण्यातही मिळू शकतो. कारखान्याचा खास हँगर असेल तर दोन जादा हँगर फ्रेमसोबतच मागवावेत. नाहीतर शंभर-दोनशे ग्रॅमच्या पाकिटासाठी सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहील.

खाऱ्या हवेत कार्बन गंजतो का?

कार्बन गंजत नाही. पण त्याला चिकटलेला धातू अधिक वेगाने गंजतो. किनाऱ्यावरच्या सायकलस्वाराने नेमकी हीच गोष्ट समजून घ्यायला हवी.

कार्बन तंतू वीजवाहक असतात. ॲल्युमिनियम त्यांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले, की बॅटरीच्या घटासारखी रचना तयार होते. तीत झिजते ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी जमते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि भाग एकमेकांत घट्ट रुततात. फ्रेममध्ये कायमचा अडकलेला सीटपोस्ट, खाली सैल झालेली आटे असलेली नळी, हे त्याचेच परिणाम. तारकर्ली-देवबागच्या वाळूतून फेरी मारून सायकल तशीच पडवीत लावली, तर मीठ आपले काम रात्रभर करत राहते. पावसाळ्यात तर हवेतला ओलावाच त्याला पुरतो.

उपाय अवघड नाहीत, फक्त ते न चुकता करावे लागतात. धातू आणि कार्बन यांच्यामध्ये आवरण हवे. सीटपोस्टला कार्बनसाठीची खास पेस्ट, आट्यांना गंजरोधक ग्रीस. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुणे. प्रेशर वॉशरने पाणी बेअरिंगमध्ये घुसते, म्हणून तो टाळावा. मग कोरडे पुसून साखळीला तेल. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरवड्याने, सीटपोस्ट बाहेर काढून पुसून पुन्हा बसवावा. पॅडलच्या मधल्या बेअरिंगसाठी दाबून बसवण्याच्या ‘प्रेसफिट’ प्रकारापेक्षा आट्यांचा ‘बीएसए’ प्रकार निवडावा. स्वस्त फ्रेममध्ये प्रेसफिटचे भोक काटेकोर गोल नसेल तर कुरकुर सुरू होते, आणि बेअरिंग बदलायला खास हत्यार लागते. आट्यांचे बेअरिंग मात्र घरीच बदलता येते. मोठ्या दुकानासाठी कोल्हापूर किंवा गोवा गाठावा लागणाऱ्या गावात हा फरक छोटा नाही.

तुटण्याचा धोका किती?

लोखंड किंवा ॲल्युमिनियम बऱ्याचदा आधी वाकते, पोचे दाखवते. कार्बनच्या बाबतीत आतले थर सुटले तरी वरचा रंग शाबूत दिसू शकतो. जांभ्याचा उडालेला दगड, पडल्यावर दांडीला बसलेला हँडलचा फटका, गाडीच्या कॅरिअरचा नको तिथे आवळलेला पट्टा, एवढेही त्यासाठी पुरते.

सायकलच्या सुरक्षेसाठी ‘आयएसओ ४२१०’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या सहाव्या भागात फ्रेम आणि फोर्कच्या चाचण्या आहेत. पॅडलवर आलटून-पालटून एक लाख वेळा भार देणे ही त्यांतली एक, वरून वजन आदळणे ही दुसरी. ग्राहकाने कारखान्याकडे नेमक्या त्याच मॉडेलचा, तारखेसह, चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेच्या नावासह अहवाल मागावा. ‘आमच्या सर्व फ्रेम प्रमाणित आहेत’ हे उत्तर अहवाल नव्हे. तो मिळाला नाही तर खरेदी तिथेच थांबवावी.

फ्रेम हाती आल्यावर पहिले काम जोडणीचे नाही, तपासणीचे. मोबाइलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा नळ्यांच्या आत सोडून सुरकुत्या, सुटलेले धागे, उरलेल्या फुग्याचे तुकडे पाहावेत आणि त्याचे चित्रीकरण ठेवावे. नाण्याने हलके टकटक करत गेल्यास एखाद्या जागी आवाज एकदम बद्द येतो. तिथे शंका घ्यावी. जोडणी टॉर्क पान्यानेच करावी. सीटचा क्लॅम्प साधारण ५ न्यूटन-मीटर, स्टेमचे बोल्ट ४ ते ६ न्यूटन-मीटर. भागावर छापलेला आकडा अंतिम मानावा. ‘अजून थोडे आवळू’ ही सवय लोखंडी सायकलवर खपून जाते, कार्बनवर चीर पाडते.

फोर्क आणि हँडल मात्र स्वस्त कार्बनचे घेऊ नयेत. फ्रेमला चीर गेली तर बहुतेकदा थांबायला वेळ मिळतो. उतारावर फोर्कची दांडी किंवा हँडल तुटले तर तो मिळत नाही.

होडीसारखी दुरुस्ती चालेल का?

मालवणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत. काचतंतूंची चटई आणि रेझिन यांचे काम त्यांच्या हातात बसलेले असते. तत्त्व तेच, म्हणून फ्रेमही त्यांच्याकडे न्यावी असे वाटणे साहजिक आहे. पण होडीची जाडी आणि वजन यांना मोकळीक असते. फ्रेमची नळी काही ठिकाणी दीड-दोन मिमीचीच असते आणि तिची ताकद तंतूंच्या दिशेवर अवलंबून असते. होडीसाठी सहसा पॉलिस्टर रेझिन वापरतात, फ्रेमला इपॉक्सी लागते. वरून लावलेले ठिगळ चीर झाकते, ताकद परत देत नाही. हे काम कार्बन दुरुस्तीचा अनुभव असलेल्या कारागिराचेच.

हलकेपणाचा खरा फायदा किती?

कार्बनची हार्डटेल फ्रेम साधारण सव्वा किलोची, ॲल्युमिनियमची दोन किलोच्या आसपास. फरक सुमारे ७०० ग्रॅम. ७० किलोचा स्वार आणि १३ किलोची सायकल मिळून ८३ किलो होतात. त्यात हा फरक एक टक्क्याहूनही कमी. दाणोलीहून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीला चढायला एक तास लागत असेल, तर हलक्या फ्रेममुळे वाचतात साधारण ३० सेकंद. स्पर्धकासाठी ते मोलाचे. आंबोलीला धुके पाहायला जाणाऱ्यासाठी नाही. तेवढाच, कदाचित अधिक फरक चांगल्या ट्यूबलेस टायरने आणि त्यातल्या योग्य हवेने पडतो. शिवाय जांभ्याच्या खडीवर पकड मिळते ती वेगळीच.

मग घ्यावी की नाही?

ज्याला जोडणीची आवड आहे, ज्याच्याकडे टॉर्क पाना आहे, जो चाचणी अहवाल मागतो आणि दर पंधरवड्याला सीटपोस्ट काढून पुसण्याचा कंटाळा करत नाही, त्याच्यासाठी ही फ्रेम वाजवी खरेदी ठरू शकते. केवळ ‘कार्बन स्वस्तात मिळतेय’ म्हणून घेणाऱ्यासाठी नाही. त्याने त्याच पैशांत तयार ॲल्युमिनियम हार्डटेल घ्यावी आणि उरलेली रक्कम चांगले ब्रेक आणि टायर यांवर खर्च करावी. पुण्यातील सायनाइड बाइक्स या छोट्या कंपनीने ‘फ्युरान’ ही ॲल्युमिनियमची हार्डटेल बनवून इथल्या वाटांसाठी इथेच विचार करता येतो, हे दाखवून दिले आहे. बिघाड झाल्यावर बोलायला मराठी समजणारा माणूस असणे, ही वॉरंटीची खरी किंमत.

मुद्दा एका सायकलपुरता नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. सडे, पाणंदी, खाडीकाठचे रस्ते आणि घाट हे सायकल पर्यटनाचे आयते भांडवल जिल्ह्याकडे आहे. नाही तो डिस्क ब्रेकमधली हवा काढणारा, चाकाचे स्पोक ताणणारा, कार्बनवरची चीर ओळखणारा मेकॅनिक. जिल्ह्यातील आयटीआयमध्ये आधुनिक सायकल दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, तर फ्रेम चीनची असो की पुण्याची, ती सांभाळणारे हात इथले असतील. तोवर परदेशातून फ्रेम मागवणाऱ्याला स्वतःच मेकॅनिक व्हावे लागेल, आणि ही तयारी नसेल तर त्याने मागणी नोंदवू नये.