अरस्तूचे वारस म्हणवणाऱ्यांना

आपल्या समाजाच्या जलशात एक वाक्य हमखास ऐकू येते: युरोप अंधारात होता, तेव्हा ग्रीकांचे ज्ञान आम्ही जपले. टाळ्या पडतात. वाक्य निम्मे खरे आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ अरबीत आले. पण त्या काळचा सर्वांत मोठा अनुवादक हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता, साबित इब्न कुर्रा हर्रानचा साबी. खलिफांनी त्यांचा धर्म आड येऊ दिला नाही. हे तकरीरीत येत नाही.

माझा आक्षेप त्याहून पुढचा आहे. जपले म्हणजे काय केले? बरणीत लोणचेही जपतात. सुक्रातने एकही ग्रंथ लिहिला नाही. तो अथेन्सच्या बाजारात माणसांना गाठून विचारी, न्याय म्हणजे काय? धैर्य म्हणजे काय? उत्तर देणारा स्वतःच्याच उत्तरात अडके. इ.स.पू. 399 मध्ये त्याला विषाचा प्याला मिळाला. आरोप असे, की तो तरुणांना बिघडवतो आणि नगराचे देव मानत नाही. प्रश्न विचारणाऱ्यावर आपण कोणते आरोप करतो?

इब्न रुश्दचे नाव घेताना तर आपण फारच सोयीने विसरतो. तो कुर्तुब्याचा काझी, फिक्हचा जाणकार. 'फस्ल-उल-मकाल'मध्ये तो म्हणतो, ज्याची कुवत आहे त्याला बुद्धीने विचार करणे शरीयतनेच बंधनकारक केले आहे. कुर्बानीचे हत्यार शर्तींत बसते की नाही एवढेच पाहतात, ते धर्मबांधवाचे आहे का हे विचारत नाहीत. ग्रीकांच्या तर्काचेही तसेच. 1195 मध्ये या काझीला लुसेनाला हद्दपार केले गेले, त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले गेले. हुकूम पोपचा नव्हता, मुवह्हिद खलिफा अल-मन्सूरचा होता.

अफलातूनच्या 'रिपब्लिक'वर त्याने भाष्य लिहिले. स्त्रियाही राज्य राखू शकतात, हे अफलातूनचे मत त्याने मान्य केले आणि आपल्याच नगरांवर बोट ठेवले: इथे स्त्रियांना केवळ मुले जन्माला घालण्यापुरते आणि वाढवण्यापुरते ठेवले आहे, त्या झाडाझुडपांसारख्या जगतात, आणि नगरांच्या गरिबीचे हेही एक कारण आहे. बाराव्या शतकात! त्या भाष्याची मूळ अरबी प्रत आज उपलब्ध नाही. ते हाती आले ते हिब्रू अनुवादातून. म्हणजे आपल्याला सर्वांत जास्त गरज असलेले पुस्तक यहुद्यांनी जपले. 'आम्ही जपले' म्हणून टाळ्या घेणारा वक्ता व्यासपीठावरून उतरून दहावी झालेल्या मुलीच्या बापाला 'आता पुरे' असा सल्ला देतो, तेव्हा मला हे भाष्य आठवते.

कोणी इमाम गझालींचे नाव पुढे करील. त्यांनी 1095 मध्ये फलसफी मंडळींना वीस मुद्द्यांवर खोडून काढले, तीन मुद्द्यांवर कुफ्रही ठरवले. खरे आहे. पण आधी त्यांचे ग्रंथ मुळापासून वाचले, आणि तर्कशास्त्र सोडले नाही. अनेक मदरशांत 'ईसागोजी' अजून शिकवतात. ते नावच ग्रीक आहे. विरोध करायचा तर गझालींइतके वाचून करा. मराठीने अफलातूनला जोरदार फटक्याचे विशेषण केले आणि हिकमतीची युक्ती केली, यावर आपण हसतो. आपल्या जलशांत तरी या शब्दांचे दुसरे काय उरले आहे?