मनी आणि बोंबील

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी कर्जतला घरी पोचलो, तर आई दारातच म्हणाली, "मनीला खरूज झालीये, तिला लांब कुठेतरी सोडून ये." मान खाजवून खाजवून रक्ताळलेली. शेजारच्या काकूंचं निदान तयार होतं, बोंबील उष्ण पडले!

आमच्याकडे समुद्र नाही, पण पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बोंबील असतातच. त्यांची डोकी मनीची. "मांजराला मासे नाही चालणार तर काय चालणार?" हे आईचं लॉजिक. पण मांजरांचे पूर्वज कोरड्या मुलखातले, उंदरांवर जगणारे. मासे आपण शिकवले. २०१६ च्या एका आढाव्यात खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मांजरांपैकी साधारण १७ टक्क्यांना मासे बाधत होते, बीफच्या खालोखाल. कुत्र्यांत मात्र बीफ, दूध, चिकन पुढे आणि मासे बरेच मागे.

आणि वर्षानुवर्षं खाल्लेलंच बाधू शकतं. शरीर त्यातल्या प्रोटीनला शत्रू समजतं, उष्ण-थंडचा संबंध नाही.

पण म्हणून लगेच माशांवर खापर फोडू नका. आम्ही ऑफिसात काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलतो. डॉक्टरांनी तेच केलं. आधी पिसवा आणि खरजेचे किडे तपासले, औषध दिलं. मग आठ आठवडे फक्त असं मांस, जे तिने कधीच खाल्लं नव्हतं. म्हणजे मटण. आई म्हणाली, "माणसांना महिन्यातून एकदा, आणि हिला रोज?" रक्ताची तपासणी स्वस्त पडेल वाटलं, पण खाण्याच्या अ‍ॅलर्जीत तिचा भरवसा नाही. "उपाशी ठेव, खाईल मग," हेही नको. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी मांजराचं लिव्हर बिघडू शकतं.

तिसऱ्या आठवड्यात काकूंनी प्रेमाने "एकच" बोंबील दिला. मोजणी पुन्हा शून्यापासून :) शेवटी मान भरली. मग मुद्दाम बोंबील देऊन पाहिला, चौथ्या दिवशी खाज हजर. आता कुठे म्हणता येईल, अ‍ॅलर्जी.

माझं म्हणणं एवढंच. अंदाजाने महागडी पाकिटं आणू नका, आणि अंदाजाने मुकं जनावर बाजारात सोडूही नका. तपासायला दोन-तीन महिने लागतात. मनीला सोडायला मला फक्त स्टेशनपर्यंत जावं लागलं असतं.