आधी घड्याळ बघा

मंडळी, परवाची गोष्ट. आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले म्हणून आमचा नातू आठ दिवसांसाठी कौंडण्यपूरला आला. घरून काम करायची परवानगी मोठ्या मिनतवारीने मिळवलेली. त्याचा लॅपटॉप नेमका दुरुस्तीला, म्हणून माझ्या जुन्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर त्याने ऑफिसचे व्हीपीएन टाकले. आणि ते काही जोडेना!

"आबाजी, काहीच जुडून नाही राह्यलं. उद्या पुण्याची गाडी धरा लागते बहुतेक."

आजीचा चेहरा पडला.

व्हीपीएन म्हणजे उघड्या पोस्टकार्डाऐवजी बंद पाकीट. पण पाकीट देण्याआधी समोरचा खरा कोण, हे सर्टिफिकेट पाहून ठरते. नातवाला फोनवर एकाने सल्ला दिला, "ती तपासणीच बंद कर." दुसरा म्हणाला, "फॉरमॅट मार."

माझा आक्षेप आहे तो इथेच. तपासणी बंद केली की वाटेतला कोणीही ऑफिस म्हणून उभा राहू शकतो. चालू झाले म्हणजे दुरुस्त झाले असे नव्हे! आणि फॉरमॅटचे म्हणाल, तर गणित चुकले म्हणून मी कधी पोराला अख्खी पाटी पुसू दिली नाही. कोणती पायरी चुकली ते आधी शोध, म्हणायचो.

तसेच बसलो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर 'पिंग' केले, नेट होते. मग 'जर्नलसीटीएल'ने नोंदी काढल्या. त्यात स्पष्ट लिहिलेले, सर्टिफिकेट अजून लागूच झालेले नाही. म्हणजे? लॅपटॉपची तारीख दोन वर्षे मागे! आतला रुपयाएवढा सेल (सीआर २०३२) संपलेला आणि नेटवरून वेळ घेण्याची सोय मीच कधीतरी बंद केलेली. ब्राउझरही सकाळपासून तारखेची कुरकुर करत होता, पण ऐकतो कोण? 'टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' दिले, आणि मिनिटभरात व्हीपीएन जोडले.

दर वेळी दोष घड्याळाचाच असेल असे नाही. उत्तरच येत नसेल तर वाटेत पोर्ट अडवलेले असू शकते. ओपनव्हीपीएनचे नेहमीचे पोर्ट यूडीपी ११९४, ते अडले तर ऑफिसला टीसीपी ४४३ची सोय आहे का विचारावे. जोडले पण नावाने काही उघडत नाही, आकड्यांच्या पत्त्याने उघडते, तर डीएनएस बघावे. छोटे निरोप जातात, मोठी पाने अडकतात, तर एमटीयू कमी करून पाहावा. घरचे राउटर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१ चे पत्ते असले तरी गोंधळ होतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने सुधारले ते कळत नाही.

यंत्र बहुधा सांगत असते, आपणच वाचत नाही. वर्गातल्या पोरांचेही असेच असायचे...

असो. नातू आठ दिवस राहिला. आजीच्या डोळ्यात औषध तोच घालत होता. सेल बदलला आहे. तुमचे अनुभव जरूर कळवा.